अंतराळातील आपद्धर्म

अकबर-बिरबलाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी माकडिणीची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. एका रिकाम्या हौदात माकडिणीला तिच्या पिल्लासह सोडण्यात येते आणि हौदात हळूहळू पाणी भरू लागते. पाणी कमरेशी येते तेव्हा ती पिल्लाला कडेवर घेते. गळ्याशी येते तेव्हा डोक्यावर धरते. आणि ते नाकातोंडात जाऊ लागले म्हणजे त्याच पिल्लाला पायाखाली घालून स्वतःचा जीव वाचविण्याची धडपड करते. प्राण्याला स्वतःच्या प्राणाहून प्रिय असे काही नाही, हे बिरबलाने दाखवून दिले आणि बादशहाने ते मान्य केले. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण याच अनुभवाचे सौम्य रूप होय. नीती ही सुस्थितीतील माणसाची चैन आहे, प्राणावर बेतले की ती गळून पडते, असा मथितार्थ या दोहोंतून काढला जातो.

हा निष्कर्ष कितपत खरा आहे, याची कसोटी पाहावयाची झाल्यास अंतराळयानासारखे दुसरे स्थळ सापडणे कठीण. समुद्रात भरकटलेल्या होडीवर पाऊस पडतो, एखादा मासा गळाला लागतो, क्षितिजावर शीड दिसण्याची आशा असते. अंतराळयानात असे काही नाही. तेथील श्वास, पाण्याचा घोट आणि विजेचा अंश हे सारे पृथ्वीवरून मोजून नेलेले असते. साठ्याचा आकडा ठाऊक असतो आणि माणसांचाही. अशा ठिकाणी यान निकामी झाले, तर जीविताचा प्रश्न साध्या भागाकाराच्या रूपाने समोर उभा राहतो. आणि भागाकार पुरेसा येत नसेल तर भाजकच कमी करावा, असा मोह माणसाला होणे अशक्य नाही.

या मोहाचे सर्वांत प्रसिद्ध चित्रण १९५४ साली टॉम गॉडविन या अमेरिकन लेखकाच्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’ या विज्ञानकथेत झाले. दूरच्या ग्रहावर आजारी पडलेल्या माणसांसाठी औषध घेऊन एक छोटे यान निघाले आहे. त्यात इंधन आहे ते नेमके एका चालकापुरते. भावाला भेटण्याच्या ओढीने एक तरुण मुलगी त्यात लपून बसली आहे. तिचे वजन यानात राहिले तर यान कोसळणार. तीही मरणार, चालकही मरणार आणि औषधाची वाट पाहणारेही मरणार. चालक दयाळू आहे, मुलगी निष्पाप आहे, तरीही अखेरीस तिला यानाबाहेर जावे लागते. येथे दोष कोणाचाच नाही, दोष निसर्गनियमांच्या निर्विकारपणाचा आहे, असे कथा सुचविते. पुढे अनेक वाचकांनी आणि टीकाकारांनी एक सरळ प्रश्न विचारला. इंधन इतके काटेकोर मोजून कोणी भरले? चुकून कोणी आत शिरू नये म्हणून दाराला साधे कुलूपही का नव्हते? निसर्गाची म्हणून जी समीकरणे पुढे ठेवली गेली, त्यांतील निम्मे आकडे माणसानेच लिहिलेले होते.

कथा बाजूला ठेवली तरी हा प्रश्न सुटत नाही. कारण न्यायालयाला तो प्रत्यक्षात सोडवावा लागला आहे. १८८४ साली ‘मिन्योनेट’ नावाची एक लहान क्रीडानौका इंग्लंडहून सिडनीकडे निघाली होती. ५ जुलै रोजी दक्षिण अटलांटिक महासागरात ती बुडाली. कप्तान टॉमस डडली, एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रुक्स आणि सतरा वर्षांचा रिचर्ड पार्कर हा पोरगा असे चौघे एका उघड्या होडीत उतरले. जवळ सलगमाचे दोन डबे होते. पिण्याचे पाणी मुळीच नव्हते. मध्यंतरी एक कासव हाती लागले, तेही संपले. पार्कर समुद्राचे पाणी प्याल्यामुळे अत्यवस्थ झाला. विसाव्या दिवशी डडलीने स्टीफन्सच्या संमतीने त्याचा वध केला आणि तिघांनी त्याच्या देहावर गुजराण केली. ब्रुक्सने या कृत्यास संमती दिलेली नव्हती. अन्नात मात्र तो वाटेकरी झाला. त्यानंतर चौथ्या दिवशी एका जर्मन जहाजाने त्या तिघांना वाचविले.

डडली आणि स्टीफन्स यांच्यावर खुनाचा खटला चालला. नाइलाज होता, चौघे मरण्यापेक्षा एक मरणे बरे, असा त्यांचा बचाव होता. लॉर्ड कोलरिज यांनी तो फेटाळला. एका जिवाची दुसऱ्याशी तुलना करावयाची ती कोणत्या मापाने, आणि या गरजेचा न्यायनिवाडा करावयाचा तो कोणी, हा त्यांच्या निकालाचा गाभा होता. ज्याला लाभ व्हावयाचा तोच न्यायाधीश झाला, तर सर्वांत दुबळा, सर्वांत तरुण आणि प्रतिकार करण्यास असमर्थ असा माणूसच बळी म्हणून निवडला जाणार; होडीत घडलेही तेच. आरोपींना देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणण्यात आली. न्यायालयाने त्या माणसांच्या यातना नाकारल्या नाहीत. त्या यातनांतून दुसऱ्याचा प्राण घेण्याचा अधिकार निर्माण होतो, एवढे मात्र त्याने नाकारले.

मिन्योनेटनंतर सुमारे शहाऐंशी वर्षांनी हाच भागाकार पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरांहून अधिक अंतरावर पुन्हा उभा राहिला. ११ एप्रिल १९७० रोजी निघालेल्या अपोलो-१३ या यानात जेम्स लव्हेल, फ्रेड हेज आणि जॉन स्विगर्ट हे तिघे होते. ह्यूस्टनच्या वेळेप्रमाणे १३ एप्रिलच्या रात्री प्राणवायूच्या एका टाकीचा स्फोट झाला आणि दुसरी गळू लागली. मुख्य यानाला वीज आणि पाणी मिळत असे ते याच प्राणवायूपासून. त्यामुळे ते यान काही तासांत निष्प्राण होणार हे उघड झाले. तिघांनी चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या उपयानाचा आश्रय घेतला. हे उपयान दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरेल अशा बेताने बांधलेले होते. आता त्यात तीन माणसांना जवळजवळ चार दिवस काढावयाचे होते.

येथे भागाकार मिन्योनेटइतकाच कठोर होता, आणि स्विगर्ट हे त्या उपयानाच्या हिशेबात नसलेले तिसरे होते. ते चंद्रावर उतरणारच नव्हते. मूळ सहकाऱ्याचा गोवराच्या एका प्रकाराशी संपर्क आला म्हणून उड्डाणापूर्वी अवघे काही दिवस आधी त्यांची नेमणूक झाली होती. तथापि माणसांची संख्या ही न बदलणारी राशी आहे आणि बाकीच्या सर्व राशी बदलता येतील, असे गृहीत धरूनच यानातील व जमिनीवरील सर्वांनी कामास प्रारंभ केला. गणिताची मांडणी बदलली ती या एका गृहीतामुळे.

मग एकेक आकडा हाती घेण्यात आला. प्राणवायू उपयानात पुरेसा होता. वीज, पाणी आणि उच्छ्वासातून साठणारा कार्बन डाय-ऑक्साइड या खऱ्या अडचणी होत्या. अत्यावश्यक नसलेली सर्व उपकरणे बंद करून विजेचा खर्च सुमारे एक-पंचमांशावर आणला गेला. परिणामी आतील उष्णतामान तीन-चार अंश सेल्सियसपर्यंत उतरले आणि भिंतींवर दव जमले. पाण्याचा वाटा प्रत्येकी दिवसाला सुमारे १८० मिलिलिटर ठरला, आणि तो तिघांनाही सारखाच. लव्हेल आणि हेज यांच्यापाशी चंद्रावर घालावयाचे बूट तरी होते. स्विगर्ट यांच्यापाशी तेही नव्हते आणि त्यांचे पाय ओले झाले होते. हेज यांना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप भरला. तिघांचे मिळून सुमारे चौदा किलो वजन घटले.

कार्बन डाय-ऑक्साइडचा प्रश्न अधिक बिकट होता. तो शोषून घेणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे मुख्य यानात मुबलक होते, परंतु ते चौकोनी. उपयानातील खाचा गोल. जमिनीवरील तंत्रज्ञांनी यानात जे जे सामान आहे तेवढेच समोर घेऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी यांपासून एक जोडणी तयार केली, तपासून पाहिली आणि ती कशी बांधावी हे रेडिओवरून पायरीपायरीने सांगितले. ती बसविताच विषारी वायूचे प्रमाण उतरू लागले.

परतीच्या वाटेवर यानाचा मार्ग किंचित सुधारणे भाग पडले. वीज वाचविण्यासाठी गणकयंत्र बंद होते. तेव्हा लव्हेल आणि हेज यांनी यानाची दिशा हातांनी सांभाळली आणि इंजिन किती वेळ चालवावयाचे तो चौदा सेकंदांचा काळ स्विगर्ट यांनी मनगटावरील घड्याळावर मोजला. पुढे थंड पडलेले मुख्य यान जागे करून पृथ्वीच्या वातावरणात नेण्याच्या कामाची जबाबदारीही मुख्यतः त्यांचीच होती. हिशेबात नसलेला तिसरा माणूस असा उपयोगी पडला. अर्थात तो उपयोगी पडला म्हणून त्याला जगण्याचा हक्क होता, असे मात्र म्हणता येणार नाही. कारण तोच न्याय लावावयाचा तर तापाने फणफणलेल्या हेज यांचा हक्क प्रत्येक तासाला कमी होत गेला असता. पाण्याचे वाटे ठरविताना कोणाची उपयुक्तता मोजली गेली नाही, यातच त्या प्रसंगाचे नैतिक मोल आहे. १७ एप्रिल १९७० रोजी तिघेही पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले. त्या दिवसांत अमेरिकेचा प्रतिस्पर्धी असलेल्या सोव्हिएत सरकारनेही मदतीची तयारी कळविली होती.

हा वृत्तान्त येथेच संपविला तर तो केवळ धैर्याची कथा ठरेल. परंतु त्या टाकीचा स्फोट का झाला, याची चौकशी झाली आणि तिचा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाला. तो अहवाल कोणत्याही कचेरीतील माणसाने वाचावा असा आहे. टाकीतील तापकाला जमिनीवरील चाचणीच्या वेळी ६५ व्होल्टचा विद्युत्पुरवठा मिळणार असे १९६५ साली ठरले. परंतु उष्णता वाढताच पुरवठा तोडणाऱ्या कळी २८ व्होल्टच्याच राहिल्या आणि हा विरोध कोणाच्याच लक्षात आला नाही. १९६८ साली कारखान्यात ती टाकी सुमारे पाच सेंटिमीटर उंचीवरून आपटली. मार्च १९७० मधील चाचणीनंतर ती नेहमीप्रमाणे रिकामी होईना. तेव्हा टाकी बदलण्याऐवजी तापक सुमारे आठ तास चालू ठेवून आतील प्राणवायू उकळून काढण्यात आला. त्या अवधीत कळी वितळून चिकटल्या आणि आतील तारांचे आवरण जळाले. उष्णतामापकाचा काटा सत्तावीस अंश सेल्सियसच्या आसपास थांबला होता. कारण त्यापलीकडे तो जाऊच शकत नव्हता. काटा पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसत होते. टाकी न बदलण्याच्या निर्णयास आपणही मान्यता दिली होती आणि त्या जबाबदारीत आपलाही वाटा आहे, असे लव्हेल यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले.

म्हणजे अंतराळात पाणी गळ्याशी आले ते १३ एप्रिलच्या रात्री. पण नळ सुटला होता त्यापूर्वी कित्येक वर्षे, आणि तोही कोणा दुष्टाच्या हातून नव्हे. एक बदल एका कागदावर नोंदला गेला आणि दुसऱ्यावर नोंदला गेला नाही, एका टाकीविषयीची शंका वेळ वाचविण्यासाठी मिटविली गेली, एवढेच.

भारतीय कायद्याने ही बाजू फार पूर्वी ओळखली होती. १८६० च्या भारतीय दंडविधानातील ८१ वे कलम मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूवाचून आणि सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. त्याखालील उदाहरण जहाजाच्या कप्तानाचेच आहे. समोर वीस-तीस उतारूंची होडी आली. दिशा बदलली नाही तर ती चिरडली जाणार, बदलली तर दोनच उतारू असलेल्या दुसऱ्या होडीला धोका संभवतो. अशा वेळी कप्तानाने दिशा बदलली तर तो अपराधी नव्हे. तथापि या उदाहरणात आरंभीच एक अट घातलेली आहे. कप्तान त्या पेचात सापडला तो त्याचा स्वतःचा कोणताही दोष वा हयगय नसताना सापडलेला असला पाहिजे. शिवाय दुसऱ्या होडीच्या बाबतीत केवळ धोका पत्करला जातो, ती वाचण्याचीही शक्यता असते. तीतील माणसांना ठार मारण्याची परवानगी तेथे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

‘स्वतःचा दोष नसताना’ ही अट उड्डाणे योजणाऱ्यांना लावून पाहिली म्हणजे नीतीची खरी जागा दिसू लागते. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ हे सोव्हिएत यान परतत असताना एक झडप अवेळी उघडली आणि आतील हवा निघून जाऊन दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव हे तिघेही मरण पावले. त्यांच्या अंगावर हवाबंद पोशाख नव्हते. तिघांना ते घालून बसता येईल एवढी जागाच त्या यानात नव्हती. अपघातानंतर तिसरे आसन काढून टाकण्यात आले आणि दोघांनाच, पण पोशाखासह, पाठविण्याचा नियम झाला. सुधारलेल्या यानातून पोशाखासह तिघे जाऊ लागले ते १९८० मध्ये. तीन माणसे पाठविल्याचा लौकिक सोडून दोन माणसांची सुरक्षितता पत्करणे हा निर्णय तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो नैतिक होता, आणि तो तीन जिवांनंतर घेतला गेला, ही त्यातील खंत होय.

तोच निर्णय वेळेवर घेतल्याचे उदाहरण अलीकडचे आहे. ५ जून २०२४ रोजी बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स हे दोघे स्टारलायनर या नव्या यानाच्या चाचणीसाठी सुमारे आठ दिवसांच्या बेताने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे गेले. वाटेत यानाची काही प्रक्षेपक इंजिने बंद पडली आणि हेलियमची गळती आढळली. तेच यान त्यांना सुखरूप परत आणील असे काही तज्ज्ञांचे मत होते. परंतु शंका पूर्णतः फिटली नाही. चॅलेंजर आणि कोलंबिया या यानांच्या १९८६ व २००३ मधील अपघातांपूर्वी शंका घेणाऱ्यांचे म्हणणे वरपर्यंत मानले गेले नव्हते आणि त्याचे मोल चौदा जिवांनी दिले होते. या वेळी शंकेला मान मिळाला. सप्टेंबरमध्ये स्टारलायनर रिकामे उतरविण्यात आले. विल्मोर व विल्यम्स यांच्या परतीसाठी पुढच्या यानात दोन जागा मोकळ्या हव्या होत्या. त्यासाठी झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन या दोन अंतराळवीरांना त्या उड्डाणातून मागे राहावे लागले. चार आसनांचे ते यान २८ सप्टेंबर २०२४ रोजी दोघांनाच घेऊन निघाले आणि १८ मार्च २०२५ रोजी चौघांना घेऊन परतले. आठ दिवसांचा मुक्काम दोनशे शहाऐंशी दिवसांचा झाला. येथे भाजक कमी करावा लागला नाही. भाज्य वाढविले गेले, आणि ते वाढविण्यासाठी दोन रिकामी आसने वर धाडण्याचा खर्च कोणीतरी सोसला.

तरीही एक प्रश्न उरतो. सारी काळजी घेऊनही गणित खरोखरच सुटले नाही तर? आपल्याकडील ग्रंथांनी हा प्रश्न टाळलेला नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्मावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि आपद्धर्माची मर्यादा सर्वांत नेमकेपणाने दाखविणारी कथा छांदोग्य उपनिषदात आहे. कुरुदेशात पिकांचा नाश झाला असताना उषस्ती चाक्रायण हा विद्वान माहुतांच्या एका गावी येऊन राहतो. भुकेने व्याकूळ झालेला तो एका माहुताकडून त्याच्या पानातील उष्टे धान्य मागून खातो. माहूत उरलेले पाणीही पुढे करतो, तेव्हा उषस्ती ते घेत नाही. धान्य खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला अन्यत्र मिळू शकते, असे त्याचे उत्तर आहे. नियम मोडावयाचा तो जीव टिकण्यास लागेल तेवढाच. त्यापुढे एक घोटही नाही. आणि त्या तुटपुंज्या धान्यातून तो पत्नीसाठी वाटा राखून ठेवतो, हेही उपनिषद आवर्जून सांगते. आपद्धर्म माणसाला स्वतःच्या मानापमानाचा, सोवळ्याओवळ्याचा त्याग करू देतो. दुसऱ्याच्या प्राणाचा त्याग करण्याची सवलत या कथेत कोठेही नाही. एखाद्याने सहकाऱ्यांसाठी आपला वाटा स्वखुशीने सोडला तर त्याच्यापुढे मस्तक नमवावे. परंतु तसे करण्याची आज्ञा देण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. गणित सुटलेच नाही, तर सर्वांनी वाटा सारखा ठेवून अखेरपर्यंत प्रयत्न करीत राहावे, हे उत्तर समाधान देणारे नाही. पण दुसऱ्या कोणत्याही उत्तराचा शेवट रिचर्ड पार्करपाशी होतो.

भारतही आता आपल्या यानातून माणूस धाडण्याच्या तयारीत आहे. गगनयान मोहिमेच्या तयारीत २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे, संकटसमयी यानातील माणसांना अग्निबाणापासून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी कोणीही माणूस आत नसताना घेण्यात आली. उड्डाणास पाच सेकंद उरले असता गणकयंत्राने ते थांबविले. दोष शोधून दूर करण्यात आला आणि त्यानंतर सकाळी दहा वाजता उड्डाण यशस्वी झाले. पाहणाऱ्यांना त्या थांबण्याने चुकचुकल्यासारखे वाटले असेल; पण उद्या त्या यानात बसणाऱ्यांच्या दृष्टीने त्या दिवसातील सर्वांत आश्वासक गोष्ट ती थांबण्याचीच होती.

माकडिणीच्या गोष्टीत बादशहा आणि बिरबल हौदाच्या काठावर उभे आहेत. माकडीण काय करते याकडे दोघांचे लक्ष आहे आणि शतकानुशतके ऐकणाऱ्यांचेही लक्ष तिच्याकडेच लागून राहिले आहे. हौदात पाणी मात्र त्या दोघांच्याच हुकमाने चढत होते. ते वेळीच थांबविले असते, तर त्या मुक्या जीवाची परीक्षा घेण्याचा प्रसंगच आला नसता.